व्हिस्टाडोममधून बोरघाट: काचेच्या डब्यात कॅमेरा घेऊन बसावं का?

मुंबई-पुणे मार्गावर व्हिस्टाडोम डबा पहिल्यांदा आला तो डेक्कन एक्सप्रेसला, जून २०२१ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेक्कन क्वीनला आणि पुढच्या वर्षी प्रगतीला. काचेचं छत, रुंद खिडक्या, १८० अंशांत फिरणारी आसनं आणि एका टोकाला उभं राहून बघायची काचेची जागा, असा सगळा थाट. प्रवासी म्हणून बसायला डबा उत्तमच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. इथे प्रश्न वेगळा आहे. हातात कॅमेरा असेल आणि धबधब्यांच्या जोडीला रेल्वेचा रोजचा संसारही टिपायचा असेल, म्हणजे खांब, तारा, सिग्नल, खडीवर चालणारे ट्रॅकमन, घाटात मागून रेटणारी इंजिनं, तर दुसऱ्या वर्गाच्या कैक पट भाडं मोजून हाती काय लागतं? बरंच काही लागतं, पण जाहिरातीत दाखवतात ते नव्हे.

आधी जागेचं गणित. डब्यात ४४ आसनं, दोन-दोनच्या अकरा रांगा. म्हणजे खिडकीला २२ जण आणि दरीच्या बाजूच्या खिडकीला फक्त ११. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत ते मंकी हिल या टप्प्यात उल्हास नदीची दरी डाव्या हाताला असते, पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. परतताना अर्थातच उजव्या हाताला. तिकीट काढताना खिडकीचा पर्याय टाकता येतो, पण तो मिळेलच याची खात्री नसते, आणि डावी-उजवी बाजू निवडता येत नाही. त्यामुळे निम्म्या वेळा डोंगर कापून काढलेली ओली, काळी भिंत खिडकीला चिकटून धावणार हे गृहीत धरा. ही भिंतही वाया जात नाही, पण तिच्याकडे नंतर येऊ.

गाडी कोणती घ्यावी हे उन्हावर ठरतं. सकाळी सातच्या सुमारास मुंबईहून सुटणारी डेक्कन एक्सप्रेस नऊच्या आसपास घाटात असते. दरी पूर्वेला, सूर्यही पूर्वेला, म्हणजे ऊन थेट लेन्सवर. काचेवरचा धुळीचा कण न् कण तेव्हा उजळतो आणि फोटोवर पांढरट साय धरते. ऑक्टोबर ते जानेवारीत मात्र याच उलट्या उन्हात दरीतल्या धुक्याचे थर एकामागे एक सुटे दिसतात, त्यासाठी सकाळची गाडी चालेल. बाकी उन्हाळी आणि हिवाळी दिवसांत पुण्याहून दुपारी सव्वातीनच्या सुमारास निघणारी परतीची डेक्कन एक्सप्रेस जास्त कामाची. ऊन तुमच्या पाठीशी असतं, गाडी चालते तो उतार सावलीत जातो आणि समोर राजमाचीचे कडे उजळून निघतात. संध्याकाळच्या डेक्कन क्वीनने डिसेंबरात जाऊन उपयोग नाही, ती घाटात शिरते तेव्हा अंधार पडलेला असतो. मे ते जुलै तिच्या वाट्याला शेवटचा उजेड येतो, तोही आभाळ मोकळं असेल तर.

आता खरा मुद्दा: काच. परावर्तन हा या डब्याचा सगळ्यात मोठा दोष, कारण जितकी जास्त काच तितका आत जास्त उजेड. समोरच्या रांगेच्या खिडक्या, छताचा उजेड, तुमचा पांढरा शर्ट, सगळं दरीवर तरंगताना दिसतं. उपाय स्वस्त आहे. लेन्सच्या मापाचा रबरी, घडीचा हूड घ्या आणि त्याची कड काचेला हलकेच टेकवा. रबर डब्याची थरथरही थोडी शोषून घेतं. कडक प्लॅस्टिकचा हूड टेकवला तर काचेचं सगळं कंपन कॅमेऱ्यात उतरतं. फोन असेल तर गडद रुमालाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचा डोळा बाहेर काढायचा आणि रुमाल काचेवर दाबून धरायचा. कपडे काळे किंवा गडद निळे. कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवू नका, ते अंगाशी धरा. कमरेवरचं शरीर हाच इथला स्प्रिंग.

काचेला काटकोनात बघाल तेवढं चित्र स्वच्छ. पुढचं वळण पकडायला मान वळवून तिरकं बघायला लागलात की जाड काचेत दुहेरी प्रतिमा दिसू लागते, खांबाच्या शेजारी खांबाचं भूत. साधारण ४५ अंशांपलीकडे नादच सोडा. पोलरायझर फिल्टर परावर्तन कमी करतो हे खरं, पण ताण दिलेल्या काचांवर तोच फिल्टर इंद्रधनुषी पट्टे उमटवतो आणि ते नंतर कशानेच निघत नाहीत. एक फोटो काढून मोठा करून पाहा, पट्टे दिसले तर फिल्टर काढून पिशवीत. काचेला रंगाची छटा असते, म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून केलेल्या रंगांच्या दुरुस्तीवर, भरवसा नको. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा आणि ढगाळ आभाळाचा करडा रंग प्रमाण मानून सगळे फोटो एकदम सुधारा.

शटर स्पीड किती ठेवायचा याचं उत्तर अंतरावर आहे. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १६.७ मीटर पुढे जाते. १/२५० सेकंदात ती सुमारे पावणेसात सेंटिमीटर सरकते, १/१००० मध्ये जेमतेम पावणेदोन. दूरच्या कड्याला पावणेसात सेंटिमीटरने काही फरक पडत नाही. पाच मीटरवरच्या ट्रॅकमनचा चेहरा मात्र पुसला जातो. म्हणून दरीसाठी १/२५० ते १/५०० पुरे, रुळाकाठच्या माणसांसाठी आणि पाट्यांसाठी १/१००० च्या खाली उतरू नका. घाट चढताना वेग कमी असतो, तिथे १/५०० वरही जवळची खडी दाणेदार येते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० लावली की बोगद्यांच्या मधल्या छोट्या उघडीपीत हातघाई होत नाही.

बोगद्यातून गाडी बाहेर येते तेव्हा कॅमेऱ्याचं मोजमाप अंधाराच्या हिशेबात अडकलेलं असतं आणि पहिले एक-दोन फोटो पांढरेफटक येतात. दोन बोगद्यांमधला उजेड कधीकधी काही सेकंदांचाच, म्हणजे नेमकी तीच दोन चित्रं हातची जातात. बाहेरच्या उजेडाला एक्स्पोजर मॅन्युअलवर बांधून ठेवायचं आणि बोगद्यात कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, एवढाच इलाज. फोकसचंही तसंच. पावसाचे थेंब काचेवर असले की ऑटोफोकस थेंबांवर जाऊन बसतो. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, छिद्र एफ/८, फोकस सुमारे २.४ मीटरवर बांधला की १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं आणि काच त्या हद्दीच्या अलीकडे असल्यामुळे थेंब विरघळतात. ३५ मिमीला तोच आकडा पाच मीटरच्या आसपास.

दोन गोष्टी कॅमेऱ्यात बंद करा. पहिली, इलेक्ट्रॉनिक शटर: तो चित्र ओळीओळीने वाचतो, तेवढ्यात गाडी पुढे सरकते आणि सगळे खांब एका बाजूला कलतात. मेकॅनिकल शटर असेल तर तोच वापरा. दुसरी, फोनमधला एचडीआर आणि नाइट मोड. हे दोन्ही अनेक फोटो जोडून एक करतात, आणि धावत्या गाडीतून त्या जोडकामात एका खांबाचे दोन होतात.

आता त्या छताबद्दल. बहुतेक जण वर बघून एकदा "वा" म्हणतात आणि विसरतात, कारण घाटात वर दिसतं ते ढग किंवा बोगद्याचा अंधार. खरी गंमत आहे ती २५ हजार व्होल्टच्या तारेत. ती सरळ ओढलेली नसते. सरळ मार्गावर ती मुद्दाम नागमोडी ठेवतात, रुळांच्या मध्यापासून २० सेंटिमीटरपर्यंत एकदा डावीकडे, पुढच्या खांबाला उजवीकडे. सरळ ओढली तर पेंटोग्राफची, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या इंजिनाच्या टपावरच्या सांगाड्याची, पट्टी एकाच जागी घासून तिथे खाच पडेल. नागमोडीमुळे पट्टी सगळीकडे सारखी झिजते. एरवी कुणाच्या नजरेत न येणारी ही चाल काचेच्या छतातून उघडी दिसते: तार डब्याच्या एका कडेकडे सरकते, खांबाचा आडवा हात येतो, तिला पकडून परत पाठवतो. दोन खांबांत साधारण ५० ते ७० मीटर अंतर, म्हणजे ताशी ६० च्या वेगात तीन-चार सेकंदांची लय. मनात मोजायला लागलं की खांब फ्रेममध्ये कधी येणार हे आधीच कळतं आणि बर्स्ट (एकापाठोपाठ धडाधड फोटो) मारत बसावं लागत नाही. १/२००० वर, रुंद लेन्सने सरळ वर, ढगाळ आभाळाच्या पांढऱ्या कागदावर. घाटात वळणंच वळणं, तिथे खांब जवळजवळ येतात आणि लय बिघडते. ही चित्रं कर्जतच्या अलीकडे, वांगणी-नेरळच्या सपाटीवर किंवा लोणावळ्यानंतर मावळात काढावीत. छताचे पैसे वसूल होतात ते इथे.

खांबांचा आणखी एक उपयोग. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर वर. कोनात सांगायचं तर दीड अंश. खिडकीची खालची कड आडवी मानून फ्रेम लावलीत तर झाडं, खांब, धबधबे सगळे दीड अंशाने कलंडलेले येतात आणि घरी आल्यावर सगळेच फोटो थोडे वाकडे का, हे कळत नाही. वळणावर रूळ एका बाजूला उचललेले असतात, त्याचा कल वेगळाच. त्यामुळे कॅमेऱ्यातली लेव्हलची रेघ लावा, किंवा फ्रेमची उभी कड तारेच्या खांबाशी जुळवा.

टोकाची काचेची जागा, जिथून मागे पळणारे रूळ दिसतील या आशेने सगळे गर्दी करतात, तिच्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. चढणीवर तिथून मोकळे रूळ दिसत नाहीत. डबा पुढच्या टोकाला असेल तर काचेपलीकडे गाडीचं इंजिन. मागच्या टोकाला असेल तर कर्जतला बँकर, म्हणजे घाटात मागून रेटणारी ती इंजिनं, येऊन लागतात आणि काच भरून टाकतात. मोकळे रूळ हवे असतील तर डबा शेवटी असलेल्या गाडीने कर्जतच्या आधी किंवा लोणावळ्याच्या नंतर उभं राहा. मात्र बँकर काचेशी आले म्हणून हिरमुसून जागेवर परतू नका. इंजिन चालण्याच्या वेगाने सरकत येतं, मधला कपलर आपल्या जोडीदारात खाडकन बसतो, डब्याला एक हिसका बसतो आणि दोन-तीन फुटांवर लोको पायलटची काच, तिच्यावरचा वायपर, बफरवरचं वाळलेलं काळं ग्रीस. रेल्वेचं हे काम इतक्या जवळून, रुळावर न उतरता बघायला दुसरी जागा नाही. इथे ३५ मिमी लेन्स, एफ/४, १/२५० पुरे. बँकरचा पुढचा दिवा लागलेला असेल तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी करा, नाहीतर बाकी सगळं त्या झोतात विरून जाईल. लोको पायलट कामात असतो, फ्लॅश मारू नका.

बँकरशिवाय हा घाट चढणारी गाडीही आता आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागे इंजिन न लावता जाते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. सोय म्हणून उत्तम, फोटोसाठी मात्र कर्जतचं सगळं नाट्य वजा. कर्जतच्या वडापावची ख्यातीही या थांब्यातूनच वाढली आहे, गाड्या इंजिन लावायला थांबणारच हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं. फलाटावर उतरून बँकर लागताना टिपायचा बेत असेल तर अंतराचा विचार करा. १६ डब्यांची गाडी पावणेचारशे मीटरच्या आसपास भरते. तुमचा डबा इंजिनापाशी असेल तर शेपटाकडे जाऊन परत येणं त्या थोड्या मिनिटांत जमत नाही. अशा वेळी दारात येणारा विक्रेता, त्याच्या हातातली पाटी आणि मागचा ओला फलाट एवढ्यात चित्र शोधा.

पावसाळ्यात आणखी एक अडचण, आणि ती एसीमुळे. आत बावीस-चोवीस अंश, बाहेर दमट सत्तावीस. गार काचेवर बाहेरून दव धरतं आणि ते आतून पुसता येत नाही. गाडीने वेग घेतला की वाऱ्याने थोडं जातं, तोवर वाट पाहा. याच कारणाने फलाटावर पाय ठेवल्याबरोबर लेन्सही धुरकट होते. कर्जत किंवा लोणावळा यायच्या आधी कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. उतरून लगेच फोटो हवा असेल तर फोन खिशात, अंगाच्या उबेला ठेवलेला बरा.

डोंगराकडची खिडकी नशिबी आली तर? तिथे बघायला दरीपेक्षा कमी नाही, पण नजर जवळ आणावी लागते. कातळात कोरलेल्या नाल्या, दरड अडवायला लावलेल्या लोखंडी जाळ्या, बोगद्यांच्या तोंडावरची जुनी घडीव चिरेबंदी. उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून चढावर थांबवण्यासाठी ठेवलेल्या कॅच सायडिंग दिसतात: मुख्य मार्गापासून फुटून वर चढत जाणारा आणि मध्येच संपणारा एक रूळ, त्यावर बहुतेक वेळा गवत माजलेलं. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल इथल्या केबिनी, त्यांच्या खिडकीत उभा असलेला हिरवा झेंडा. १/१०००, फोकस पाच मीटरवर बांधलेला, आणि प्रत्येक चित्राला अर्ध्या सेकंदाची संधी.

या घाटमार्गाचं उद्घाटन २१ एप्रिल १८६३ रोजी झालं, तेव्हा त्यात २५ बोगदे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवून पुरं केलं. त्या कामाची छायाचित्रंही तिच्या नावावर आहेत. म्हणजे घाटातल्या कामाकडे कॅमेरा रोखायची चाल घाटाइतकीच जुनी.

आता तुलना, कारण तिच्याशिवाय भाड्याचा हिशेब लागत नाही. त्याच डेक्कन एक्सप्रेसच्या दुसऱ्या वर्गाच्या खिडकीला काच वर सरकवली की मध्ये फक्त गज. परावर्तन नाही, रंगाची छटा नाही, दुहेरी प्रतिमा नाही. छोटी प्राइम (झूम नसलेली) लेन्स किंवा फोन गजांच्या मधून सहज बघतो. कॅमेरा मात्र गजांच्या आतच, पट्टा मनगटाला गुंडाळलेला. शेजारच्या मार्गावरून गाडी आली तर बाहेर काढलेला हात आणि लेन्स दोन्ही जाऊ शकतात. तोटे असे की पाऊस आत येतो, गर्दीत हालचाल करता येत नाही आणि तारांची ती लय दिसत नाही. चित्राचा निव्वळ दर्जा पाहिला तर दुसरा वर्ग सरस आहे, हे मान्य करावं लागतं. दारात लटकून काढलेल्या फोटोंची तुलना इथे करायची नाही. पायरीवरून प्रवास हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ खाली गुन्हा आहे, रुळात घुसणं कलम १४७ खाली. धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर रेल्वेची परवानगी घ्यावी लागते, आणि फलाटावर सुरक्षा दलाच्या जवानाने थांबवलं तर वाद न घालता कॅमेरा खाली. उघड्या तारांखाली सेल्फी स्टिक किंवा ट्रायपॉड उंच करणं हा शुद्ध वेडेपणा.

लोणावळ्याच्या पुढचा मावळ बहुतेक प्रवासी झोपेत घालवतात. मळवलीला उजवीकडे लोहगड-विसापूर, डावीकडे कार्ल्याचा डोंगर, आणि मध्ये भाताची खाचरं रुळाला येऊन भिडलेली. या पट्ट्यासाठी व्हिस्टाडोमची गरजच नाही. पुणे-लोणावळा लोकल प्रत्येक स्टेशनला थांबते, मळवली किंवा कामशेतला उतरून पुढची लोकल येईपर्यंत निवांत काम करता येतं. लोकलच्या कपाळावरची एलईडी पाटी टिपताना शटर १/६० च्या वर नेऊ नका, नाहीतर पाटीवरची निम्मी अक्षरं गायब होतात. संध्याकाळी फलाटावरचे दिवे लागल्यावर फोटोत काळे पट्टे येऊ लागले तर १/१०० किंवा १/५० लावा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात.

गुण द्यायचे तर दरीच्या फोटोंसाठी पाचपैकी अडीच, बँकर आणि तारांसाठी साडेचार, पावसाळ्यात कॅमेरा कोरडा ठेवण्यासाठी पूर्ण पाच. दोघांनी जायचं असेल तर जाताना व्हिस्टाडोम आणि येताना दुसरा वर्ग, अशी जोडी खिशाला आणि चित्रांना दोन्हीला परवडते. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि मिळाले तरी त्या गर्दीत टोकाच्या काचेपाशी उभं राहायला जागा नसते. मंगळवार-बुधवारचं तिकीट काढा.